कठड्यापलीकडचं पाणी

दुबई मरीना

14 मे
सेलिंग क्लबच्या क्लबहाउसची गच्ची. इथे प्रेक्षकांची बैठक आखायची आहे. दुपारचे चार. लोखंडी खुर्चीला हात लागला, चटका बसला. पालक इथे थांबतच नाहीत. गाडीत एसी लावून बसतात. पोरांची शर्यत बघणारं कुणी नाही.

15 मे
क्लबला हवी काचेची थंडगार बैठक. काचेवर मीठ बसणार. आत वारा नाही, शिट्टी ऐकू येणार नाही, पोरांची हाकाटी नाही. मला उघडीच गच्ची हवी. सावलीची.

22 मे
खुर्ची टाकून बसले. समोर भरीव कठडा, 1.1 मीटर. बसलेल्या माणसाचा डोळा साधारण 1.2 वर. गच्ची पाण्यापासून 4 मीटर उंच. कठड्यामागे 80 सेंटिमीटरवर बसलं, तर अलीकडचं चाळीसेक मीटर पाणी दिसत नाही. पोरांच्या ऑप्टिमिस्ट होड्या जेमतेम 2.3 मीटर लांब. वळसा घेण्याची बोया नेमकी त्याच पट्ट्यात.

30 मे
आईचा फोन. गुडघा फारच दुखतोय. "पार्कात जाणं बंद झालं गं." शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर तिनं किती सामने पाहिले. तिकीट नाही, मैदानात आणि आपल्यात आडवं काही नाही.

8 जून
अल गफालच्या शर्यतीची चित्रफीत. 1991 पासून होते. सर बू नैर बेटावरून दुबईपर्यंत शिडाची 60 फुटी गलबतं. मोती काढून घरी परतणाऱ्यांची आठवण. किनाऱ्यावरच्यांना शेवटचा टप्पाच दिसतो. आमच्याकडे निदान वळण दिसायला हवं.

16 जून
कालपासून उन्हात काम बंद, दुपारी 12:30 ते 3. 15 सप्टेंबरपर्यंत. मोजमापं सकाळीच उरकायची.

21 जून
सूर्य डोक्यावर, 88 अंश. छप्पर पुरतं. डिसेंबरात भर दुपारीही 41च. आणि पोरांच्या शर्यती थंडीतल्या. मावळतीचं ऊन डावीकडून छपराखाली शिरणार. त्या बाजूला उभ्या पट्ट्या.

3 जुलै
वानखेडेबद्दल वाचत बसले. ब्रेबॉर्नवरच्या जागावाटपाचा तंटा, त्यातून 1975 साली नवं स्टेडियम. शशी प्रभूंची रचना. 2011 च्या नूतनीकरणात स्टँडच्या माथ्यावर पंखे बसवले. गरम हवा ते बाहेर ओढतात, पश्चिमेचा वारा आत येतो. आमचं छप्पर मागून उचलायचं. गरम हवेला वाट.

19 जुलै
बाकांची रांग 45 सेंटिमीटर वर घेतली. पुढे दीड मीटर ये-जा करायला. आता पंधरा मीटरच्या पुढचं सगळं पाणी दिसतं. बोयासुद्धा!

20 जुलै
45 सेंटिमीटर म्हणजे तीन पायऱ्या. आई इथे आली तर चढणार कशी?

2 ऑगस्ट
रॅम्प. बारास एक उतार, लांबी 5.4 मीटर. वर व्हीलचेअरच्या दोन जागा, शेजारी सोबतच्या माणसाची. नऊ आसनं जातात.

5 ऑगस्ट
बैठक. नऊ आसनं ऐकून सगळे गप्प. मग कुणीतरी म्हणालं, व्हीलचेअर मागे लिफ्टपाशी ठेवू. तिथून फक्त पुढच्यांच्या पाठी दिसतात. मी नाही म्हणाले. आवाज चढला होता.

6 ऑगस्ट
झोप नाही.

18 ऑगस्ट
ऑफिसात पुठ्ठ्याचा कठडा उभा केला. भाड्यानं व्हीलचेअर आणली. क्लबच्या मॅनेजरांना म्हटलं, बसून बघा. बसले. पुढे दोघांना उभं केलं. बराच वेळ काही बोलले नाहीत.

2 सप्टेंबर
आईचा व्हिसा आला. तिनं गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकललं.

24 ऑक्टोबर
नकाशे मंजूर. छप्पर मागून उचललेलं. पट्ट्या आहेत. रॅम्प आहे. आसनं नऊनं कमी.

25 ऑक्टोबर
नऊ गेली ते योग्यच झालं. प्रेक्षकांची जागा आखणाऱ्यांनी आधी तिथे बसून बघावं, सगळ्यात अडचणीच्या खुर्चीत. तिथून खेळ दिसला तरच पुढची रेघ ओढावी.