शंभरापेक्षा पंच्याण्णव मोठे!

बेशाला आमच्या कॉलनीत गणेशोत्सवात मुलांची प्रश्नमंजूषा ठरली. निकालाचं काम माझ्याकडे आलं. मी ऐटीत जावास्क्रिप्ट या भाषेत छोटासा प्रोग्रॅम लिहिला. दोन गटांचे गुण टाइप केले, की विजेत्याचं नाव पडद्यावर! तालमीत ७० आणि ८५, ६० आणि ४५ असे आकडे घालून पाहिले. एकदाही चूक नाही. माझी कॉलर ताठ!

स्पर्धा छान रंगली. लाल गटाला १०० आणि निळ्या गटाला ९५ गुण मिळाले. मी आकडे टाइप केले. पडद्यावर आलं, ‘निळा गट विजयी!’ गडबडीत मी माइकवरून तेच जाहीर केलं. ढालही दिली गेली.

मंडप रिकामा होत असताना लाल गटातली सहावीतली मुलगी गुणांचा कागद घेऊन आली.

“काका, आमचे शंभर होते नं? मग पंच्याण्णव मोठे काऊन झाले?”

“बेटा, कॉम्प्युटर चुकत नाही,” मी म्हणालो. ती कागद टेबलावर ठेवून मुकाट्यानं निघून गेली.

रात्री तो कागद पाहिला आणि पोटात गोळाच आला. शंभरच होते! लगेच प्रोग्रॅम उघडला. टाइप केलेल्या त्याच दोन आकड्यांची बेरीज करायला सांगितली. उत्तर १९५ यायला हवं ना? आलं ९५१००!

आता उलगडा झाला. टाइप केलेलं सगळं ही भाषा आधी मजकूर म्हणूनच घेते. दोन मजकुरांची बेरीज म्हणजे एकाला दुसरा चिकटवणं. आणि तुलना? ती शब्दकोशासारखी. शब्दकोशात ‘खण’ हा शब्द ‘कमळ’च्या नंतर येतो, कारण ‘ख’ हा ‘क’च्या नंतरचा. शब्द किती लांब, हे कुणी बघत नाही. तसंच १०० मधला पहिला १, ९५ मधला पहिला ९. नऊ नंतरचा, म्हणून ९५ मोठे! तालमीत सगळे आकडे दोन अंकी होते. तिथे दोन्ही रीतींचं उत्तर एकच येतं, म्हणून चूक लपून राहिली.

ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली या भाषेचा पहिला नमुना अवघ्या १० दिवसांत तयार केला होता. पण दोष त्यांना कसा देणार? ‘आधी या मजकुराची संख्या कर’ हे मीच सांगितलं नव्हतं. तेवढं लिहिलं आणि १०० जिंकले.

दुसऱ्या दिवशी आरतीआधी मी माइकवरून सर्वांची माफी मागितली. निळ्या गटानं स्वतःहून ढाल लाल गटाच्या हाती दिली.

“काका, कॉम्प्युटर चुकत नाही म्हणाले होते नं तुम्ही?” त्या मुलीनं हसत विचारलं.

“तो नाही चुकला गं. मी चुकलो. आणि तुझा कागद न बघता बोललो, ती दुसरी चूक.”

आता नवा प्रोग्रॅम लिहिला, की मी पहिल्यांदा ९ आणि १०, ९९ आणि १०० घालून पाहतो. आणि कुणी शंका काढली, तर आधी त्याच्या हातातला कागद वाचतो.