लाज कशाची?

तेल्हाऱ्यात कुणाचा पाय मोडला तर अख्खी वस्ती बघायला येते. पण कमरेला मार लागून ज्याचे लघवी-संडासवरचे नियंत्रण गेले, त्याचे दुखणे घरातच दाबून ठेवले जाते. आम्हीही तेच पाहिले. धाकटा भाऊ सेंट्रिंगच्या कामावर परांचीवरून पडला, ओटीपोटाचे हाड मोडले. हाड जुळले, तो चालूही लागला. पण कपडे ओले व्हायचे, चार-चार दिवस संडास होत नसे. माय म्हणे, "कोणाले सांगू नका बाप्पा." त्याने पाणी पिणे कमी केले, लग्नकार्यात जाणे सोडले.

शेवटी अकोल्याच्या डॉक्टरांनी आम्हा सर्वांना बसवून समजावले. माकडहाडाच्या वरच्या हाडातून निघणाऱ्या नसा मूत्राशय आणि गुदद्वाराला मेंदूचा निरोप पोचवतात. त्या दुखावल्या की लघवी भरल्याचे कळत नाही, ती पुरती बाहेर पडत नाही, मग ओसंडून गळते. अशी तुंबलेली लघवी पुढे किडन्या खराब करू शकते. म्हणून मनाने पाणी तोडणे हा उपाय नव्हे.

१९७२ साली अमेरिकेतील डॉ. जॅक लॅपिडीस यांनी दाखवून दिले, की हात साबणाने धुऊन, स्वच्छ नळीने रुग्ण ठरावीक वेळी स्वतःच लघवी काढू शकतो. भाऊ ते डॉक्टरांकडून शिकला; दर चार ते सहा तासांनी घड्याळ बघून करतो. खाल्ल्यावर आतडी हलतात, म्हणून रोज सकाळी न्याहारीनंतर ठरल्या वेळी संडासला बसतो. आता तो पुन्हा कामाला जातो. मात्र नळी कुणीही आपल्या मनाने घालू नये. आतला मूत्रमार्ग फाटलेला असू शकतो. ताप आला, लघवीत रक्त दिसले किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

वर्षावासात आपण विहारात बाबासाहेबांचा 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ वाचतो. त्यात एक भिक्खू हगवणीने स्वतःच्याच घाणीत पडलेला असतो, कुणी जवळ जात नाही. तथागत आनंदाकडून पाणी मागवतात आणि दोघे मिळून त्याला धुतात. ज्या कामाला तथागतांनी हात लावला, त्याची लाज आपण का धरावी?

बंधू-भगिनींनो, बाळंतपणात इजा झालेल्या आपल्या आयाबहिणी तर हे दुखणे वर्षानुवर्षे पदराआड लपवतात. त्यांना आपणहून विचारा, सोबत दवाखान्यात जा. जयभीम.