तरोटा आणि टाकळा

परवा मीटिंगमध्ये एका जुन्या साथीदारानं सगळ्यांदेखत विचारलं, "काय रे, चळवळ सोडून माळी झालास काय?" सगळे हसले. मीही हसलो. पण परतीच्या लोकलमध्ये भाईंदर येईस्तोवर तोच प्रश्न डोक्यात खदखदत होता. तिथं उत्तर देता आलं नाही, म्हणून इथं लिहितो.

त्याचा संशय खोटा नाही. आमचा गाव मराठवाड्यातला. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले. त्याच हिमतीवर आमच्या आज्यानं गायरानाचा तुकडा वहितीला आणला होता. पुढं त्या तुकड्यावर सरकारी निलगिरी उभी राहिली. झाडाच्या नावानं आमचंच रान गेलं. त्यामुळं 'झाडं लावा, झाडं जगवा' ऐकलं की आमच्या बापाच्या तोंडून शिवीच निघायची.

मग मी झाडांकडं कसा वळलो? खरं सांगायचं तर रविवार खायला उठायचा म्हणून. मीरा-भाईंदरात २०११ च्या जनगणनेलाच आठ लाखांवर माणसं होती, आणि त्यात माझ्या ओळखीची दहा. मिठागरं, खाडी, तिवरं ह्यांच्या उरावर इमारती चढलेल्या. कामावरच्या एकानं सांगितलं, काशीमिऱ्याच्या बाजूला काही लोक रविवारी देशी झाडांची रोपं करतात. बोर्ड नाही, वर्गणी नाही. दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत माती भरायची. पळस, बहावा, काटेसावर, शिवण, करंज. पाऊस लागला की लावायची. गेलो.

पहिल्याच दिवशी एका गृहस्थानं आडनाव विचारलं. सांगितलं. "अस्सं" म्हणाला आणि माझ्या हातात फावडं दिलं. त्याच्या हातात झाडांचं पुस्तक. खड्डे मी खणले, नावं त्यानं वाचली. चहाच्या वेळी तो सांगू लागला, बाहेरून आलेली झाडं मातीचा सत्यानाश करतात, मूळचं तेच शुद्ध.

'शुद्ध' म्हटलं की आपल्या माणसाचे कान टवकारतात. मी म्हणालो, "साहेब, मिरची, बटाटा, टमाटा, सगळं अमेरिका खंडातनं आलेलं. पोर्तुगीज यायच्या आधी इथं कुणी मिरची चाखली नव्हती. आधी ताटातून काढा."

कुणी बोलेना. फक्त पाड्यावरची एक वारली म्हातारी पदराआड हसली. मग मला बाजूला नेऊन तिनं घाणेरीचं जाळं दाखवलं. खाली दुसरं काही उगवलेलं नव्हतं. ही घाणेरी गोऱ्या साहेबांनी बागेच्या शोभेसाठी आणली, ती रानभर सुटली. गाजरगवत १९५० नंतर पसरलं. मिरचीनं कुणाचं रान बळकावलं नाही, घाणेरीनं बळकावलं. झाड कुठून आलं ह्यापेक्षा ते शेजाऱ्याला जगू देतं का, हे बघायचं. एवढं मला त्या दिवशी कळलं. पुस्तकवाल्याला कळलं का, माहीत नाही.

आता माझी चूक सांगतो. पावसाच्या तोंडाला म्हातारीनं शेवळं आणली. मी नाक मुरडलं, "हे खायचं असतं?" ती माझ्याकडं बघत राहिली. म्हणाली, "तुमच्यात नाय खात?" चटका बसला. माझा सूर थेट त्या 'अस्सं'चा होता. शेवळं नुसती शिजवली तर घशाला खाज सुटते. म्हणून त्यात काकडं घालतात, काकड नावाच्या झाडाची आंबट फळं. तिनं केलेली भाजी मी बोटं चाटून खाल्ली, आणि माफी मागितली. ती म्हणाली, "खा आता गप."

श्रावणात माय गावाकडून आली. तिला सोबत नेलं. कुंपणाजवळ ती किंचाळलीच, "अगं बया, तरोटा!" म्हातारी म्हणाली, "टाकळा तो." दोघी भांडल्या. रात्री पानं मिटतात का? मिटतात. पिवळं फूल येतं का? येतं. लांब शेंग? हो. मग दोघी हसत खाली बसल्या. माय म्हणाली, "बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून यायचं अन् घावल तो पाला शिजवायचा. घोळ, तांदुळजा, तरोटा. तवा मी परकरी पोर व्हते. कुनी इचारलं नाही, काय खातीस म्हून." म्हातारीनं तिचा हात हातात घेतला. तीसुद्धा त्याच पाल्यावर वाढलेली.

मायनं तिथंच चूल मांडली, डाळ-लसूण घालून तरोटा केला. उत्तनची कोळी काकी दोनदा वाढून घेऊन जेवली आणि म्हणाली, यात जवळा हवा होता. पुढच्या रविवारी घेऊनच आली. पुस्तकवाला म्हणाला, उपास आहे. रविवारी कसला उपास, त्यालाच ठाऊक.

मायला अक्षर येत नाही, म्हातारीला सहीपुरतं येतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेही शाळेत गेल्या नाहीत. गावठी बियाणं जपलं म्हणून २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. अशा किती बायांची विद्या आपण 'पाला' म्हणून फेकून दिली?

२०२५ च्या मार्चमध्ये डोंगरीच्या टेकडीवरची झाडं मेट्रोच्या कारशेडसाठी तोडायची नोटीस निघाली. आकडा बारा हजारांवर. काकीचा रात्री फोन आला. हरकत लिहायची होती, कशी लिहायची कळत नव्हतं. दोस्तहो, हे आपलं काम. अर्ज करणं, मुद्दे मांडणं, पोच घेतल्याशिवाय खिडकी न सोडणं, हे मला चळवळीनं शिकवलं. कुठलं झाड कोणतं, कशाच्या उपयोगी, हे म्हातारीनं सांगितलं. मी लिहीत गेलो. पहाटेपर्यंत चाळीतल्या माझ्या खोलीत काकीच्या गावची पोरं कागद उतरवून काढत होती.

सह्या घेताना पुस्तकवाला आला. विचारलं, "मुद्दा कसा लिहू?" मी सांगितलं. त्यानं लिहिलं, म्हातारीच्या सहीखाली सही केली. आमची दोस्ती झाली असं म्हणणार नाही. मी ते फावडं विसरलेलो नाही. पण आता खड्डे पाळीपाळीनं खणतो, आणि त्याचाही नंबर येतो.

चवदार तळ्यावर १९२७ साली बाबासाहेब गेले ते नुसती तहान भागवायला नव्हे. जे सगळ्यांचं आहे त्यावर आपलाही हात आहे, हे सांगायला. तळं, गायरान, टेकडी, खाडी, एकाच सातबाऱ्यावरची समजा. त्यावर कुणाची झाडं आणि कुणाची माणसं राहणार, हे आपण ठरवणार नाही तर दुसरा ठरवेल. आमच्या गायरानावर ठरवलंच की.

तेव्हा साथीदारा, माळी झालो, चळवळ सोडली नाही. येत्या रविवारी ये. बहाव्याची बी आणलीस तर दगडावर घासून रात्रभर भिजत टाक, नाहीतर उगवायला फार दिवस लावते. फावडं आमच्याकडं आहे. तुझं आडनाव कुणी विचारणार नाही. विचारलं तर मी आहे.

जय भीम.