गोमुखाच्या वर, तपोवनाच्या अलीकडे

भूगोल शिकवणाऱ्या माणसाची एक पंचाईत असते. न पाहिलेल्या गोष्टींबद्दल त्याला आयुष्यभर ठासून बोलावे लागते. निपाणीत राहून मी बारा वर्षे मुलांना हिमनदी शिकवली. फळ्यावर जिभेसारखा आकार काढायचा, दोन्ही कडांना ठिपके देऊन ‘पार्श्व हिमोढ’ लिहायचे, टोकाला ‘अंत्य हिमोढ’ लिहायचे आणि मधला भाग पांढऱ्या खडूने भरून टाकायचा. एकदा कन्नड माध्यमातून आलेल्या एका मुलीने विचारले, “सर, तुम्ही बघितलाय काय?” वर्ग हसला, मीही हसलो आणि विषय बदलला. पण ते वाक्य काही डोक्यातून गेले नाही.

शेवटी 2016 च्या मे महिन्यात, उन्हाळी सुट्टीत, आम्ही चौघे गंगोत्रीला निघालो. चौघे म्हणजे मी, बेळगावचा एक बँकवाला मित्र, निपाणीतला औषध दुकानदार (त्याला आम्ही ‘डॉक्टर’ म्हणतो आणि त्याला ते आवडते) आणि संकेश्वरकडच्या कन्नड शाळेतले मास्तर. मास्तर आमच्याहून पाचसहा वर्षांनी मोठे. घरात कन्नड, बाजारात मराठी, आणि रागावले की दोन्ही. तयारी म्हणून महिनाभर पहाटे तवंदी घाट पायी चढलो, एका रविवारी वल्लभगड केला. आपण आता हिमालयाला तयार झालो, असा आमचा पक्का समज! तवंदी घाट चढून गेलो तरी आपण हजार मीटरच्या आतच असतो, हे भूगोलाच्या माणसाने तरी सांगायला नको होते का? पण त्या दिवसांत तो माणूस पाठीवरच्या पिशव्यांचे वजन करण्यात गुंग होता.

बेळगावात गोवा एक्स्प्रेस धरली, दिल्लीहून हरिद्वार, हरिद्वारहून उत्तरकाशी. उत्तरकाशीत वनखात्याचा परवाना काढावा लागतो. गोमुखाकडे दिवसाला दीडशेच माणसे सोडतात. गोमुखाच्या पुढे तपोवनला जायचे तर सोबत वाटाड्या हवाच. आमचा वाटाड्या उत्तरकाशीच्या खालच्या अंगाच्या गावचा, तिशीतला, कमी बोलणारा. सोबत सामानासाठी एक पोरगा. गंगोत्रीच्या वाटेवर हर्षीलजवळ धराली नावाच्या गावात त्याने गाडी थांबवली. रस्त्याला लागून हॉटेले, मागे सफरचंदाच्या बागा, समोर भागीरथी. टपरीवर चहा झाला. मास्तरांनी तिथेच दोन किलो राजमा घेतला. जाताना ओझे नको म्हटले तर म्हणाले, “परत येताना विसरलो तर?” तो राजमा गंगोत्रीच्या धर्मशाळेत ठेवावा लागला.

गंगोत्री साधारण 3,100 मीटरवर. वाटाड्याचे म्हणणे होते की इथे एक दिवस थांबा, हवा अंगात मुरू द्या, मग चला. मी नको म्हटले. परतीचे रिझर्व्हेशन झाले होते, एक दिवस वाया गेला तर तपोवनचा मुक्काम कापावा लागला असता. हा निर्णय माझा होता. बाकीच्यांनी माझ्यावर सोपवले, कारण भूगोल माझा विषय.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. गंगोत्री ते गोमुख 18 किलोमीटर. वाटेत वनखात्याच्या नाक्यावर पिशव्या उघडून प्लॅस्टिक मोजतात आणि अनामत घेतात. परत येताना तेवढेच प्लॅस्टिक दाखवायचे, तरच पैसे परत. आपल्याकडे यल्लम्माच्या जत्रेला अशी व्यवस्था झाली तर किती बरे होईल, असे डॉक्टर म्हणाला. नऊ किलोमीटरवर चिरबासा, म्हणजे चीर झाडांचे ठिकाण. पुढे भोजबासा, म्हणजे भूर्जवृक्षांचे. भूर्जपत्रावर पोथ्या लिहीत हे आपण वाचलेले असते, पण भोजबासाला भूर्जाची झाडे शोधावी लागतात. सरपणासाठी जंगल तुटून गेले. तिथे पुन्हा भूर्ज लावायचे काम डॉ. हर्षवंती बिष्ट यांनी वर्षानुवर्षे केले. त्या गिर्यारोहक, नंदादेवीच्या मोहिमेसाठी अर्जुन पुरस्कार मिळालेल्या, आणि उत्तरकाशीच्या सरकारी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या. आम्ही मास्तरलोक सुट्टीत काय करू शकतो याचा हा एक नमुना. मी आपला पेपर तपासून थकणारा.

भोजबासाला रात्री मास्तर जेवले नाहीत. डोके जड झालेय म्हणाले. डॉक्टरने पिशवी उपसली, तर डायमॉक्सच्या गोळ्या गंगोत्रीतच राहिलेल्या, राजम्याच्या पिशवीत! सगळे हसले. मास्तरही हसले. सकाळपर्यंत ठीक होईल, असे मीच म्हणालो.

सकाळी पाचला निघालो. लवकर निघायचे कारण वाटाड्याने सांगितले: ऊन चढले की बर्फात धरून ठेवलेले दगड सुटतात. चार किलोमीटरवर गोमुख. आणि इथे माझ्या फळ्यावरच्या चित्राचे बारा वाजले. हिमनदी पांढरी नसते! समोर होता तो दगडमातीचा काळाकरडा, अफाट पसरलेला ढिगारा. पावसाळ्यात खडी क्रशरच्या आवारात गेल्यावर जसे दिसते तसे. फक्त टोकाशी, जिथून भागीरथी बाहेर पडते तिथे, निळसर हिरव्या बर्फाची उभी भिंत, आणि तिच्यातून मधूनमधून बैलगाडीएवढे तुकडे नदीत कोसळत होते. पाणीही शुभ्र नाही, राखेसारखे करडे. खालचा खडक दळला जाऊन त्याचे पीठ पाण्यात उतरते, हे मी शिकवत होतो, पण ते पीठ बोटांना लागलेले पहिल्यांदाच पाहत होतो.

ही हिमनदी सुमारे तीस किलोमीटर लांब आहे आणि 1935 पासून तिचे टोक दीड किलोमीटरहून अधिक मागे सरकले आहे. वाटाड्याने काठीने खालच्या दरीत एक जागा दाखवली. त्याच्या आजोबांच्या काळी गोमुख तिथे होते म्हणे. आम्ही त्या जागेवरून अर्धा तास चालून आलो होतो.

तेव्हाची वाट गोमुखाच्या बाजूने हिमनदीवर चढायची, तिला आडवी पार करायची आणि पलीकडे आकाशगंगा ओढ्याच्या कडेने सरळ तपोवनाच्या पठारावर जायची. वाटाडा पुढे काठी आपटत चालत होता. त्याच्या पावलावरच पाऊल ठेवायचे. दगडांवरून चालतोय असे वाटते, पण एखादा दगड हलला की खाली काचेसारखा बर्फ दिसतो. दगडांचा थर जाड असेल तिथे तो बर्फाला घोंगडीसारखा जपतो. पातळ असेल तिथे दगड तापून उलट बर्फ लवकर वितळतो. म्हणून सगळा पृष्ठभाग खड्ड्याटेकड्यांचा. हिमविदरे, म्हणजे बर्फातल्या भेगा, तर दगडांनी झाकलेल्याच असतात. एका जागी वाटाड्याने हात वर करून सगळ्यांना थांबवले. पायाखालून, खूप खोलून, पाण्याचा आवाज येत होता. आपण नदीच्या डोक्यावर उभे आहोत, हे तेव्हा कळले. तो आवाज मला आजही वर्गात नीट सांगता येत नाही.

निम्मी हिमनदी पार झाली असेल. मागून मास्तरांचा आवाज आला, “नन्न कडिंद आगंगिल्ल.” माझ्याकडून होत नाही. मास्तर आमच्याशी कायम मराठीत बोलायचे. ते कन्नडमध्ये बोलले तेव्हाच मला कळायला हवे होते. ते दगडावर बसले आणि उलटी झाली. वाटाड्याला ना मराठी येत होते ना कन्नड. त्याने मास्तरांना उभे केले आणि खुणेने सांगितले, टाचेला बोटे लावून सरळ चाला. मास्तर चार पावलांत डावीकडे कलले. तो एवढेच म्हणाला, “नीचे. अभी.”

आता मला लाज वाटते ते सांगतो. मी वाद घातला. समोर शिवलिंग शिखर उभे होते, 6,543 मीटर, सकाळच्या उन्हात लख्ख. तपोवन दोनतीन तासांवर. मी म्हणालो, पोरगा मास्तरांना खाली नेईल, तू आम्हाला घेऊन चल. पैसे वाढवून देतो, असेही बोललो. मास्तर म्हणाले, “तुम्ही जावा सर, मी जातो हळूहळू.” वाटाडा माझ्याकडे बघत राहिला. तेवढ्यात बँकवाला पिशवी उतरवून दगडावर बसला आणि म्हणाला, “साकू.” पुरे. बस, एवढा एकच शब्द! डॉक्टरने मास्तरांची पिशवी उचलली. मीच तेवढा उभा होतो.

मग वाटाड्याने मास्तरांच्या कमरेला दोर बांधला, पोरगा पुढे, तो मागे, आणि आम्ही आल्या वाटेने उतरलो. भोजबासालाही तो थांबू देईना. संध्याकाळी चिरबासाच्या झाडांत पोचलो, तेव्हा मास्तरांनी पहिल्यांदा चहा मागितला. बिस्कीट बुडवून खाल्ले. मी शेजारी बसलो होतो. “तुमचं तपोवन राहिलं की,” ते म्हणाले. मला काही बोलता आले नाही.

तपोवन राहिलेच. 2017 च्या जुलैत मोठ्या पावसात मेरू हिमनदीच्या बाजूने दगडमातीचा लोंढा आला आणि गोमुखाचे रूप पालटले. हल्ली तपोवनला जाणारे भोजबासालाच ट्रॉलीतून नदी ओलांडून पलीकडच्या काठाने जातात. राजमा मात्र निपाणीपर्यंत सुखरूप आला. मास्तरांच्या घरी त्याची आमटी झाली. वहिनींनी चव घेऊन “आपला घेवडा बरा” असा निकाल दिला.

ऑगस्ट 2019 मध्ये वेदगंगेचे पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आले आणि वाहतूक बंद पडली, तेव्हा एका रात्री अनोळखी नंबरवरून फोन आला. आमचा वाटाडा! टीव्हीवर कोल्हापूर, निपाणी, बेळगाव ही नावे ऐकून त्याने जुन्या वहीतून नंबर काढला होता. मास्टरजींचे घर नदीपासून किती लांब आहे, हे त्याने दोनदा विचारले.

5 ऑगस्ट 2025 ला धरालीची चित्रे टीव्हीवर आली. खीरगंगेचा लोंढा काही क्षणांत हॉटेलांवरून, बागांवरून गेला. मी त्याला फोन लावला. दोन दिवस लागला नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी लागला. तो त्या दिवशी खाली उत्तरकाशीत होता. घरचे सगळे ठीक. आपण चहा घेतला होता ती टपरी, मी विचारले. “वहाँ अब कुछ नहीं है, सर.” मग बराच वेळ दोघेही गप्प. त्यानेच पुन्हा सुरुवात केली. तुमच्या नदीला यंदा पाणी किती आहे? आणि मास्टरजी कसे आहेत?

मास्तर शेजारीच बसले होते. मी फोन त्यांच्या हातात दिला.