शिसे गेले कुठे?

पाण्यातले धातू काढायला स्वस्तातला पदार्थ शोध म्हटले, की वाशिमचा विद्यार्थी शेतातली काळी माती पिशवीत भरून आणतो. त्याचे चुकत नाही. इथला खडक बेसाल्टचा आणि ही माती त्याचीच झीज. तिच्यातल्या माँटमोरिलोनाइट खनिजाच्या पापुद्र्यांवर ऋणभार असतो. कॅल्शियम, सोडियम तिथे सैलसर अडकलेले असतात. शिसे आले की ते बाहेर निघतात, शिसे त्यांच्या जागी बसते. विहिरीच्या खोदकामात मांजऱ्या खडकातून निघणारे स्टिलबाइटचे पांढरे स्फटिकही अशीच अदलाबदल करतात.

प्रयोग साधा. ढेकळे वाळवून खलबत्त्यात कुटायची, चाळायची, लेड नायट्रेटच्या द्रावणात घालून शेकरवर हलवायची. वेळ जातो तो गाळण्यात. काळी माती फुगून फिल्टर पेपर बुजवते आणि थेंब मोजत बसावे लागते. शेवटी नितळ पाण्यात शिसे जवळपास सापडत नाही आणि विद्यार्थी वहीत ‘अधिशोषण’ लिहून मोकळा होतो.

मी विचारतो, कशावरून? आपल्या मातीत चुनखडी असते. ढेकळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब टाकले की फसफसते. ही चुनखडी द्रावणाचा पीएच चढवते आणि बरेचसे शिसे कार्बोनेट होऊन तळाशी बसू शकते. पाणी दोन्ही प्रकारांत सारखेच नितळ. म्हणून वापरलेली माती आधी मॅग्नेशियम क्लोराइडने धुवायची; अदलाबदलीत बसलेले शिसे सुटते. मग पीएच ५च्या ॲसिटेटने, कार्बोनेटमधले सुटते. टेसियर आणि सहकाऱ्यांनी १९७९मध्ये गाळातल्या धातूंसाठी मांडलेल्या पद्धतीतल्या या पहिल्या दोन पायऱ्या साध्या प्रयोगशाळेतही जमतात.

हा खटाटोप उगाच नाही. क्षाराने सुटणारे शिसे काढून माती पुन्हा वापरता येते. आम्लाने धुतली तर चुनखडीच संपते आणि दुसऱ्या फेरीत मातीचा जोर ओसरतो.

पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त शिसे नको, असे भारतीय मानक सांगते. तेवढे साधले तरी काढलेले शिसे मातीत असतेच. ती माती बांधावर टाकून चालणार नाही. अहवालात ‘स्वस्त’ लिहायचे तर वापरलेली माती कुठे ठेवणार आणि त्याला किती लागणार, हेही लिहावे लागते. तो रकाना कोरा असेल तर मी सही करत नाही.