नावापुढचं 'बी'

तहसील कचेरीतल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या शाखेत मी बरीच वर्षं दप्तर सांभाळलं. १९८० साली सुरू झालेली ही योजना आपल्या मोहल्ल्यांत 'संजय गांधीचा पगार' म्हणूनच ओळखली जाते. विधवेला २०२३ पासून महिना १,५०० रुपये मिळतात. त्यासाठी वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत लागतं. म्हणजे घेणारीची अवस्था काय असेल, ते सांगायला नको.

सरकारी दप्तराचं एक शास्त्र आहे. सहा गठ्ठे, अ-ब-क-ड वर्गवारी, लाल रुमालात बांधलेल्या संचिका. 'अ' कायम जपायचं, 'ड' वर्षभरानं नष्ट करायचं. शास्त्र चांगलंच आहे. पण आमच्या बायकांच्या नावापाशी आलं की ते अडतं. रेशनकार्डावर फातमाबी, आधारवर फातिमा बेगम, मतदार यादीत शेख फातेमा. निकाहनाम्यात नाव बरोबर असतं, पण तो उर्दूत. कचेरीत वाचणार कोण? लिहिणाऱ्यानं कानावर पडलं तसं लिहिलं. जिचं नाव, तिनं शाळेचं तोंड पाहिलेलं नाही.

संगणक आल्यावर तीन रकाने आले : नाव, मधलं नाव, आडनाव. 'शेख' पुढे घ्यायचं की मागे? 'बी' नावात की आडनावात? काहींना आडनावच नाही, आणि यंत्राला रिकामा रकाना चालत नाही. मग कुणी टिंब देतं, कुणी नवऱ्याचं नाव दोनदा घालतं. पुढे बँकेत ते जुळत नाही आणि पैसे अडकतात. दोष बाईच्या नावात काढला जातो; मला तो रकान्यात दिसतो.

मी शाखेत रुजू झालो तेव्हा असंच एक प्रकरण पडून होतं. एका गल्लीत एकाच नावाच्या दोन विधवा. त्यांतली एक वारली आणि यादीतून दुसरीचं नाव कमी झालं. ती म्हातारी टेबलासमोर उभी राहून म्हणाली, "साब, मरी वो. मैं तो हूँ ना!" हयातीचा दाखला तिनं दिला होता, तोही भलत्याच संचिकेत लागलेला. मी रुमाल सोडून तिचा मूळ अर्ज काढला. त्यावर मयत नवऱ्याचं पूर्ण नाव होतं, खाली तिचा अंगठा. तेवढ्यावर अनुदान पुन्हा सुरू झालं. मधले पाच महिने तिनं काय खाल्लं, याला कुठल्याच नमुन्यात जागा नव्हती.

त्यानंतर मी एक साधी दोनशे पानी वही घातली. प्रत्येक बाईच्या नावापुढे तिची सगळी नावं, ज्या कागदावर जसं असेल तसं, शिवाय नवऱ्याचं नाव आणि गल्ली. वरिष्ठांनी विचारलं, "ही कुठल्या नमुन्यातली?" म्हटलं, "साहेब, नमुन्यातली नाही, कामातली आहे."

निवृत्त होताना वही नव्या मुलीकडे दिली. अजून अधूनमधून तिचा फोन येतो, "काका, हे 'बी' कुठल्या रकान्यात टाकू?"

"आधारवर आहे तसं टाक, बाळा. आणि वहीत सगळीच लिही."