८१ टक्क्यांचा मेसेज येत नाही

परवा कुंडलमध्ये चहाच्या गाड्यावर एक ऊस बागायतदार काका तापले होते. "दीड-दीड हजार वाटून तिजोरी धुवून काढली सरकारनं. फुकटाची सवय लावली लोकांना."

मी विचारलं, "काका, ताकारीच्या पंपांचं लाईट बिल कोण भरतंय?"

"आम्हीच की. ऊसबिलातनं कापून घेत्यात!"

घेतात, खरंय. पण आपल्या वाट्याला वीजबिलाचे १९ टक्के. बाकीचे ८१ टक्के सरकार भरतं. फक्त त्या ८१ टक्क्यांचा मेसेज कुणाच्या मोबाईलवर येत नाही. लाडक्या बहिणीचा येतो.

ताकारीच्या बातम्या मी कित्येक वर्षं देतोय. पावसानं ओढ दिली की निवेदन येतं, 'तातडीनं आवर्तन सोडा, बिल टंचाई निधीतून भरा.' तेव्हा खर्च किती, कुणी विचारत नाही. पाऊस चांगला झाला, विहिरी तुडुंब भरल्या, की तीच मंडळी म्हणतात, 'पाणी घेतलंच नाही, पट्टी कसली?' निवेदनाखालच्या सह्यासुद्धा बऱ्याचदा त्याच.

नोकरदारांचंही तसंच. पगारातून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० असा व्यवसाय कर कापतात ना, तो १९७५ साली रोजगार हमीसाठी सुरू झाला. १९७२ चा दुष्काळ तेव्हा लोकांच्या डोळ्यांसमोर होता. खडी फोडणारी माणसं रस्त्याकडेला दिसत होती, म्हणून तो कर पचला असावा. आज एखाद्या गुरुजींना विचारा, हा कर कशाचा? आणि रोजगार हमीबद्दल मत विचारा. दोन्ही उत्तरं ऐकण्यासारखी असतात.

आता माझं सांगतो. २०२४ च्या जुलैत मी या योजनेला 'निवडणुकीची ओवाळणी' म्हणून झोडपलं होतं. ऑगस्टमध्ये बायकोच्या खात्यावर दोन हप्त्यांचे ३००० आले. त्या महिन्यात माझं जाहिरातीचं कमिशन अडकलेलं. पोरीच्या शाळेच्या व्हॅनचे पैसे त्यातनंच गेले. पुढं मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात योजनेला ३६ हजार कोटी धरले, राज्यावरचं कर्ज ९ लाख कोटींच्या वर जाणार असं दिसलं. त्यावर लिहायला हवं होतं. दोनदा बसलो, दोन्ही वेळा उठलो.

काकांना ८१ टक्के ऐकवले, पण हे ३००० सांगायचे राहिले. म्हणून इथं लिहितोय.